गुडघा हो म्हणतो

माणसाचा गुडघा जातो तेव्हा त्याच्याजवळ सगळ्यात आधी डॉक्टर पोचत नाही, तज्ज्ञ पोचतात. शनिवारी रात्री टर्फवर कुणी पाय धरून खाली बसला की अर्ध्या मिनिटात निदानाचे तीन पक्ष पडतात. 'मुरगळलाय' म्हणणारा पक्ष सगळ्यात जुना आणि जनाधार असलेला. 'शिरेवर शीर चढलीये' म्हणणारा दुसरा; त्याला शरीरशास्त्राचा पाठिंबा नसला तरी गावाकडच्या आत्याचा असतो. तिसरा अलीकडे निघालेला, लिगामेंटवाल्यांचा. यातला प्रत्येक जण बँकेत, आयटीत नाहीतर अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला. पण त्या क्षणी आवाज ऑपरेशन थिएटरमधला. तिन्ही पक्षांचं एका गोष्टीवर मात्र एकमत असतं. "ऊठ. चालून बघ."

ज्याला चालून बघता आलं असतं तो मुळात खाली बसलाच नसता, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. तो बिचारा उठतो, दोन पावलं टाकतो, "नाही, ठीक वाटतंय" म्हणतो आणि परत बसतो. बरं होण्यातला पहिला खोटेपणा इथे सुरू होतो. पुढे तो बराच वाढतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही मध्य रेल्वेवर ओळीनं बसलेली तीन गावं. पूर्वी इथे मातीवरची कबड्डी होती, मोकळ्या मैदानावरचं टेनिस क्रिकेट होतं आणि गावागणिक कुणाच्या ना कुणाच्या नावाचा चषक होता. आता मैदानांवर टॉवर उभे राहिले आणि उरलेल्या तुकड्यांवर जाळी मारून, प्लास्टिकचं गवत अंथरून, तासाच्या भाड्यानं टर्फ निघाले. तिथे खेळणारा गडी साधारण चाळिशीचा. आठवड्यातले पाच दिवस तो दीड तास लोकलमध्ये उभा राहून मुंबईला जातो, तिथे आठ-नऊ तास खुर्चीत बसतो आणि दीड तास उभा राहून परत येतो. म्हणजे शरीराला त्यानं उभं राहणं आणि बसणं या दोनच गोष्टी शिकवलेल्या असतात. शनिवारी रात्री अकराला तो त्याच शरीराला सांगतो, आता वळ, झेप घे, डाईव्ह मार. शरीर पहिल्या दोन षटकांत ऐकतं, कारण त्याला धक्का बसलेला असतो.

मी अशाच एका बदलापूरच्या टीमचा स्कोअरर आहे. स्कोअररला दुखापत होत नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या दुखापती निवांत बघता येतात.

आमचा ओपनर दुसरी धाव घ्यायला वळला तेव्हा त्याच्या आसपास कुणीही नव्हतं. बूट गवतात अडकला, अंग वळलं, गुडघा वळला नाही. टक् असा आवाज मी स्कोअरबुकापर्यंत ऐकला. एसीएल नावाचा जो पट्टा नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही, तो बहुतेक वेळा असाच तुटतो, कुणी हात न लावता. वैद्यकीयदृष्ट्या ही सामान्य बाब आहे. मानसिकदृष्ट्या फार वाईट. कारण यात दोष द्यायला कुणी सापडत नाही आणि दोषी न मिळालेलं दुःख मराठी माणसाला पचत नाही. कबड्डीत निदान म्हणता येतं की कोपऱ्यावरच्यानं पाय ओढला. इथे प्लास्टिकच्या गवताला काय म्हणणार? शेवटी आमच्या ग्रुपवर रात्री दीडपर्यंत चर्चा होऊन असं ठरलं की दुसरी धाव मुळात नव्हतीच आणि ती मागणाऱ्या आमच्या कप्तानाला याची जबाबदारी टाळता येणार नाही. ओपनरला त्या रात्री झोप लागली ती गोळीनं नाही, या ठरावानं.

एमआरआयचा रिपोर्ट आला. तो त्यानं ग्रुपवर टाकला. 'कम्प्लीट टिअर' या दोन शब्दांखाली चौदा जणांनी हात जोडले, एकानं चुकून अंगठा दाखवला, आणि पंधराव्या मिनिटाला कप्तानाचा मेसेज आला: "काळजी घे भावा. रविवारी अंपायरिंगला येशील ना?"

यात कुणाला निर्दयपणा वाटेल. मला तसं वाटत नाही. दुखापत झालेल्या खेळाडूला पायापेक्षा जास्त झोंबते ती ही गोष्ट, की त्याच्याशिवाय मॅच होते. रविवारी सकाळी सात वाजता नेहमीप्रमाणे टॉस होतो, त्याच्या जागी त्याचा मेहुणा ओपनिंगला जातो आणि वीस धावा काढतो. त्या वीस धावा गुडघ्यावरच्या सुजेपेक्षा सावकाश उतरतात. कप्तानानं अंपायरिंगचं विचारलं म्हणजे अजून यादीत नाव आहे, एवढं तरी त्याला कळलं.

एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरीणबाईंनी १९६९ साली मरणाला टेकलेल्या माणसांच्या मनाच्या पाच पायऱ्या सांगितल्या: नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. पुढे क्रीडामानसशास्त्रवाल्यांनी त्या खेळाडूंना लावून बघितल्या आणि नंतर स्वतःच सांगितलं की दुखावलेला खेळाडू काही पायऱ्या मोजत चालत नाही. आमच्याकडे तर सगळ्यांत जोरात चालते ती घासाघीस. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन, हा म्हणाला, "लेप लावून बघू का?" आंबेहळद झाली, रक्तबोळ झाला, बेलवलीच्या एका शेजाऱ्यानं सांगितलेलं पायाचं सूप झालं. त्याच्या आईनं दृष्ट काढली. मीठमोहऱ्या जोरात तडतडल्या, तेव्हा मेहुण्याच्या त्या वीस धावांचा खुलासा झाला असं घरातल्या सगळ्यांनाच वाटलं.

मग ऑपरेशन. मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून गुडघ्यात लावतात. ओपनरच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, डॉक्टरांचं सगळं समजावणं शांतपणे ऐकून घेतलं आणि एका वाक्यात सार काढलं: "घरातलंच काढून घरातच लावलं. बाहेरून काही आणायला नको."

आणि मग भेटायला येणारे. पेशंटला भेटायला जाताना शहाळं न्यावं असा संकेत आहे; आमच्याकडे शहाळ्यासोबत एक भयकथा नेतात. प्रत्येक पाहुण्याला एक मावसभाऊ असतो, त्याचं अगदी हेच ऑपरेशन झालेलं असतं, आणि तो मावसभाऊ सहा महिन्यांनी बाथरूममध्ये घसरलेला असतो. "परत तुटलं. तेव्हापासून काठी घेऊनच चालतो. तुझं तसं होणार नाही म्हणा." हे शेवटचं वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं, त्या सुरात आमच्याकडे दहाव्याला बोलतात.

२०११ साली अशा ऑपरेशनांबद्दलचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. ४८ अभ्यास एकत्र केलेले, पेशंट ५,७७०. त्यात असं दिसलं की तपासणीच्या टेबलावर दहातल्या नऊ जणांचा गुडघा चांगला किंवा जवळपास चांगला होता. पण पूर्वीइतकं खेळायला लागले ते ६३ टक्के, आणि स्पर्धेत परतले ते फक्त ४४. गुडघा हो म्हणत होता, माणूस नाही म्हणत होता. कारणांमध्ये वरचढ होती ती परत दुखापत होण्याची भीती. या ५,७७० जणांकडे भेटायला कोण कोण आलं होतं, याची नोंद मात्र संशोधकांनी ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती.

भयकथावाल्यांवर उतारा म्हणून शौर्यकथावाले येतात. ते जास्त धोकादायक. त्यांच्याकडे सांगलीची स्मृती मानधना असते. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात बिग बॅश खेळताना तिच्या गुडघ्याचं हेच लिगामेंट गेलं. २४ जूनला वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध ७२ चेंडूंत ९०, आणि पाच दिवसांनी वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. "पाच महिन्यांत परत आली बघ!" हे ओपनरला निदान दहा जणांनी ऐकवलं. ती तेव्हा वीस वर्षांची होती, दिवसभराचं काम म्हणजे बरं होणं एवढंच होतं, आणि तिला सकाळी दळण टाकून मग ट्रेन पकडायची नव्हती, हे सांगायची सोय नाही. शिवाय २०१६ साली नॉर्वेतल्या एका अभ्यासानं दाखवलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवाल तितकं बरं. दर महिन्यामागे परत दुखापत होण्याचं प्रमाण निम्म्यानं उतरत गेलं होतं. ओपनरच्या आजीला हे कळल्यावर ती म्हणाली, "नऊ महिने लागतातच. आम्ही काय वेगळं सांगत होतो?"

शौर्यकथांमधली आमच्या पिढीच्या बापांची लाडकी गोष्ट संदीप पाटीलची. जानेवारी १९८१, सिडनी. डोक्यावर हेल्मेट नाही, लेन पॅस्कोचा बाउन्सर कानाशी बसतो, पाटील खाली कोसळतो. त्याच महिन्यात पुढच्या कसोटीत ॲडलेडला तो १७४ मारतो. गोष्ट शंभर टक्के खरी आहे आणि ऐकताना अजूनही छाती भरून येते. पण ज्याला जिना उतरताना कठड्याला धरावं लागतंय त्याला १७४ सांगून काय साधतं? त्याला वाटतं, आपल्यात काहीतरी कमी आहे. बाउन्सर खाऊन माणूस ॲडलेडला उभा राहिला आणि आपण कात्रपच्या उतारावर उभे राहू शकत नाही.

मला स्वतःला या गोष्टींमधला मधला भाग आवडतो, जो कुणी सांगत नाही. पालघरचा शार्दुल ठाकूर घ्या. लोकलमधून किट घेऊन येणारा, म्हणजे आपला माणूस, फक्त पश्चिम रेल्वेचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला पहिली कसोटी खेळायला उतरला, दहा चेंडू टाकले, जांघेत काहीतरी गेलं आणि मैदानाबाहेर गेला. पुढची कसोटी मिळाली जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. तिथे ६७ धावा आणि सामन्यात सात बळी. ब्रिस्बेन सगळ्यांना पाठ आहे. पण मधली सव्वादोन वर्षं 'दहा चेंडूंचा कसोटीपटू' म्हणून जो वावरला, लग्नकार्यात कुणी काय विचारलं असेल, त्यानं काय उत्तर दिलं असेल, ते मला ऐकायचंय.

मुरलीकांत पेटकरांची गोष्ट तर आमच्या लोकांना सांगताच येत नाही. सैन्यातले बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले, उपचार म्हणून पाण्यात उतरवलं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक. बरं होणं म्हणजे पहिल्यासारखं होणं असं धरून चाललेल्या माणसाला ही गोष्ट अडचणीची वाटते. "म्हणजे मी आता पोहायला लागू का?" असं ओपनरनं विचारलं, आणि त्याला बारवी धरणावर जाऊ देऊ नका असा वहिनींनी ग्रुपला सक्त निरोप पाठवला.

आमच्या विकेटकीपरचे वडील अंबरनाथला कानसईत राहतात. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, सत्तरच्या दशकातले कबड्डीचे चढाईपटू. त्यांच्यापुढे मानसिक वगैरे शब्द काढायची सोय नाही.

"आमचा गुडघा निखळला तेव्हा काय केलं माहितीये? वाळू गरम केली, शेकला, पुढच्या रविवारी मैदानात. मन कुठे होतं आमच्याकडे? तुम्ही गादीवर खेळणारी पोरं."

गादी म्हणजे मॅट. प्रो कबड्डी २०१४ साली टीव्हीवर आल्यापासून काकांचा त्या रंगीत मॅटवर राग आहे. माती सोलून काढायची, ती जखम दिसायची, आणि दिसणाऱ्या जखमेला कुणी भित्रा म्हणत नाही, असा त्यांचा सिद्धांत. सिद्धांतात तथ्य आहे, हे कबूल करायला हवं. तुटलेल्या लिगामेंटचं बाहेरून काहीच दिसत नाही. प्लास्टर असतं तर लोकांनी त्यावर सह्या केल्या असत्या. लंगडं माणूस दिव्यांग डब्यात शिरलं तर तिथली मंडळी आधी पायाकडे बघतात, मग तोंडाकडे, आणि मग दाखला मागतात.

पण काकांचं बोलणं चालू असताना त्यांच्या बायकोनं चहा ठेवता ठेवता एक प्रश्न केला. "मग चढाई का सोडलीत हो?"

काका म्हणाले, "सोडली नाही. पंच झालो. कुणीतरी व्हायला हवं होतं."

"त्याच वर्षी?"

काकांनी चहा बशीत ओतला. मग हळूहळू बाहेर आलं ते असं. गरम वाळूनंतरच्या रविवारी ते खरंच मैदानात गेले होते. तीन चढाया केल्या, तिन्ही उजवीकडून. डावीकडचा कोपरा तोच होता, पाय धरणारा. पुढच्या हंगामात संघातल्या पोरांना वाटायला लागलं की काकांची ही नवी चाल आहे. समोरच्या संघांनाही वाटलं, म्हणून दोन स्पर्धा ती चालली. मग समोरच्यांनी उजवीकडे तीन माणसं लावायला सुरुवात केली आणि काका पंच झाले. पंच म्हणून मध्यरेषेच्या कुठल्या टोकाला उभं राहायचं, हे मात्र ते आधी बघून ठेवत. आजही सत्यनारायणाच्या पूजेला गेले की उजवीकडे भिंत असेल अशी जागा धरतात. एवढं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "पण घाबरलो वगैरे नाही कधी."

आता फिजिओ. ऑपरेशननंतर ओपनर ज्या फिजिओथेरपीला जायला लागला तिथली मुलगी पंचविशीतली. तिनं पहिल्याच दिवशी त्याला 'काका' म्हटलं. ही त्याची दुसरी दुखापत, आणि हिच्यावर ऑपरेशन नाही. तिचा संवाद मी ऐकलेला आहे, कारण त्याला स्कूटरवरून मीच नेत असे.

"काका, आज पळू या. भीती वाटतेय का?"

"छे. भीती कसली, मॅडम."

"मग त्या खुणेपर्यंत पळून दाखवा."

"पळेन की. पण आज चपलेत आलोय."

पुढच्या वेळी बूट होते, पण जेवण जास्त झालं होतं. त्याच्या पुढच्या वेळी हवा दमट होती. बदलापूरची हवा जून ते ऑक्टोबर दमटच असते, त्यामुळे हे कारण बरेच दिवस पुरलं. शेवटी तिनं एक फॉर्म काढला. २००८ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेली बारा प्रश्नांची यादी. परत खेळताना घाबरल्यासारखं होतं का, गुडघा दगा देणार नाही याची खात्री वाटते का, परत ऑपरेशन आणि व्यायाम करावे लागतील या विचारानं खेळणं टाळता का, असले प्रश्न. प्रत्येकाचं उत्तर शून्य ते शंभरच्या पट्टीवर खूण करून द्यायचं; आकडा जितका मोठा तितकी भीती कमी. तिच्याकडे दुसरीही एक होती, सतरा वाक्यांची, हालचालीच्याच भीतीची. पहिलीवर भागेल असं ती म्हणाली.

चाळिशीच्या मराठी पुरुषाला भीतीबद्दल थेट प्रश्न विचारला की तो उत्तर देत नाही, प्रस्तावना करतो. "तसं बघायला गेलं तर भीती अशी नाही म्हणता येणार, पण आता जबाबदाऱ्या आहेत..." पट्टीवर पेन्सिल नव्वदपाशी फिरायला लागली. शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्यांनी काही न बोलता पेन्सिल घेतली आणि पहिल्या प्रश्नाला तीसवर, दुसऱ्याला पंचविसावर खूण केली. तिसऱ्यापाशी थांबून त्याला विचारलं, "परवा जिन्यात मोती आडवा आला तेव्हा काय केलंत?" मोती हे बिल्डिंगचं कुत्रं. त्यानं मान खाली घातली. वहिनींनी दहावर खूण केली. फिजिओच्या मते तो तिला आजवर मिळालेला सगळ्यात प्रामाणिक फॉर्म होता.

तिनं मग मनातल्या मनात सराव करायला सांगितलं. डोळे मिटून बसायचं आणि आपण वळतोय, पळतोय, गुडघा धरतोय असं बघायचं. हे थोतांड नव्हे. २००४ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात लोकांनी करंगळी बाजूला नेण्याचा व्यायाम बारा आठवडे फक्त कल्पनेत केला आणि करंगळीची ताकद ३५ टक्के वाढली. ओपनरनं ही बातमी ग्रुपवर टाकताच टीमच्या निम्म्या लोकांनी सोफ्यावर पडून मॅच-प्रॅक्टिस सुरू केली. एकाच्या घरून उलट निरोप आला की मग भांडीही मनातच घासून बघा.

या सगळ्याच्या मध्ये एक वस्तू आहे, नी-कॅप. ती घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो होतो. जिथे फर्निचरपासून जीन्सपर्यंत सगळं मिळतं तिथे गुडघ्यांनाही तोटा नाही. दुकानदार सिंधी, गल्ल्यावर बसून तीस-चाळीस वर्षं माणसं बघितलेला. त्यानं ओपनरला चालताना बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"साईं, दर्द है या डर है? दर्द के लिए ये छोटावाला. डर के लिए ये बडावाला, पट्टीवाला."

आम्ही बडावाला घेतला.

तो पँटच्या आत मावत नाही, म्हणून बाहेरून घालायचा. बाहेरून घातला की दिसतो. दिसला की लोकलमध्ये तीन माणसं सरकून चौथी सीट देतात. चार-पाच महिन्यांनी फिजिओ म्हणाली, आता काढा, स्नायू आळशी होतील. ओपनर घरी काढायचा आणि स्टेशनवर घालायचा. एकदा घाईत चुकीच्या पायावर घातला तर समोरच्यानं काळजीनं विचारलं, "आता हाही गेला का?"

आणि इथेच, स्टेशनवर, मला एक शोध लागला.

बदलापूर स्टेशनची सकाळ ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुंबईहून बदलापूरला येणारी लोकल इथूनच परत फिरते. म्हणजे इथल्या माणसाला ती रिकामी मिळायला हवी. तशी मिळत नाही, कारण अंबरनाथची मंडळी उलटी, म्हणजे बदलापूरकडे येणारी गाडी पकडून, आधीच खिडकीत बसून आलेली असतात. त्यांना बदलापूरकर कोणत्या नावांनी ओळखतात ते छापता येणार नाही. उरलेल्या जागांसाठी गाडी फलाटात शिरत असताना, थांबायच्या आधी, लोक आत उड्या मारतात. चालत्या गाडीत चढू नका असं भोंगा सांगत असतो; भोंगा सांगतो ते ऐकायला फलाटावर कुणी थांबलेलं नसतं.

त्या गर्दीत मी आमच्या ओपनरला पाहिलं. नी-कॅप पिशवीत. गाडी आली, तो तिच्या वेगानं सात-आठ पावलं धावला, दांडा धरला, ऑपरेशनच्याच पायावर अंग तोललं, आत वळला, आणि वळता वळता एका अंबरनाथकराला खांद्यानं बाजूला करून सीटवर बसला. मग पिशवीतून नी-कॅप काढली आणि घातली.

धाव, टप्पा, एका पायावरचं वळण. फिजिओनं महिनोन्‌महिने मागितलेल्या सगळ्या गोष्टी त्यात होत्या. मी तिला जाऊन सांगितलं. तिनं आधी कपाळाला हात लावला, मग हसली, मग म्हणाली, "टर्फवर त्यांचं सगळं लक्ष गुडघ्यात असतं. फलाटावर ते खिडकीत असतं. म्हणून तिथे गुडघा त्याचं काम करतो." लक्ष शरीरावर न ठेवता बाहेरच्या गोष्टीवर ठेवलं की हालचाल सुधारते, यावर पंचवीसेक वर्षं अभ्यास चालू आहे म्हणे. तिनं चालत्या गाडीत चढायला सक्त मनाई केली आणि सांगितलं की टर्फवर त्यांच्यासाठी अशीच काहीतरी खिडकी शोधा.

खेळायची परवानगी मिळाल्यावरची पहिली मॅच अंबरनाथच्या टीमशी होती. ओपनर ओपनिंगला गेला नाही, सातव्या नंबरला गेला. पहिला चेंडू जाळीच्या कोपऱ्यात मारला. दोन धावा सहज होत्या. एक धाव काढली, वळायच्या जागी आला आणि तिथे त्याचं काहीतरी झालं. पाय गवतात तसाच. दुसऱ्या टोकाला कप्तान. त्याच्या डोक्यावर त्या जुन्या ठरावाचं ओझं, त्यामुळे "पळ" म्हणायची त्याची हिंमत नाही. त्यानं श्वास घेतला आणि फलाटाच्या आवाजात ओरडला:

"आली, आली! रिकामी आहे!"

ओपनर वळला. कसा वळला ते त्यालाही सांगता येत नाही. दुसरी धाव पूर्ण झाली, तो तिसरीला निघाला, तीही झाली, कारण थ्रो आलाच नाही. थ्रो यायचा तर चेंडू उचलायला कुणीतरी हवं. अंबरनाथचे दोन फील्डर चेंडू सोडून गेटच्या दिशेनं सुटले होते.

त्यांचा कप्तान तरातरा माझ्याकडे आला. त्याला नियम पाठ होते. नियम क्रमांक ३७. बॅट्समननं बोलून किंवा वागून क्षेत्ररक्षकांचं लक्ष मुद्दाम विचलित केलं तर तो बाद. आमचा कप्तान म्हणाला, आम्ही आमच्या माणसाचा इलाज करत होतो, तुमच्या माणसांना कुणी बोलावलं होतं? अंपायर होता आमचा विकेटकीपर, त्याची कंबर धरली होती म्हणून. तो स्वतः अंबरनाथचा, कानसईचा. त्याची निष्ठा त्या क्षणी मध्यरेषेवर उभी होती. बराच वेळ विचार करून त्यानं तीन धावा दिल्या, कारण गेटकडे निघालेलं त्याचंही एक पाऊल सगळ्यांनी बघितलं होतं.

परतीची मॅच अंबरनाथला आहे. ती खेळायला त्यांनी लेखी अट घातलीये: सामना चालू असताना 'आली', 'रिकामी', 'फास्ट', 'पुढे सरका' आणि 'खिडकी' हे शब्द दोन्ही संघांनी उच्चारायचे नाहीत. आमच्या कप्तानानं सही केली. 'चौथी सीट' त्यांच्या यादीत नाही, हे त्यानं सही करायच्या आधी दोनदा तपासून घेतलं.